खुर्ची एक, मानकरी अनेक

मागच्या अंकात अवकाशकथांमधल्या कप्तानांवर लेख आला आणि पत्रांचा ढीग पडला. बहुतेकांचा घोळ एकाच जागी होतो. हुद्दा, नेमणूक आणि वॉच (जहाजावरची पहाऱ्याची पाळी) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पडद्यावर त्या एकाच खुर्चीत बसलेल्या दिसतात. त्या सुट्या केल्या की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. उरलेल्यांतले काही निवडून इथे घेतले आहेत.

प्रश्न : 'स्टार ट्रेक'च्या 'डीप स्पेस नाइन' मालिकेत सिस्को पहिली तीन पर्वं कमांडरच आहे. तरी अख्खं स्थानक त्याच्या हाताखाली, आणि पुढे 'डिफायंट' हे लढाऊ जहाजसुद्धा. कॅप्टन नसलेला माणूस जहाजाचा कॅप्टन कसा होतो?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : 'कॅप्टन' या शब्दाच्या पोटात दोन अर्थ आहेत. एक हुद्दा, जो गणवेशावर दिसतो. दुसरा नेमणूक, म्हणजे हे जहाज याच्या ताब्यात. नौदलांची जुनी रीत अशी की जहाज ज्याच्या ताब्यात, त्याला जहाजावर कॅप्टनच म्हणायचं, मग हुद्दा लेफ्टनंट कमांडरचा का असेना. भारतीय नौदलातही लहान युद्धनौका कमांडर किंवा त्याहून खालच्या अधिकाऱ्याकडे असतात, मोठ्या विनाशिका कॅप्टनकडे आणि 'विक्रांत'सारखी विमानवाहू नौका कमोडोरकडे. सिस्कोला कॅप्टनचा हुद्दा मिळाला १९९५मध्ये, तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात. तोवर त्याच्या अधिकारात काही कमी होतं असं नाही. उलटं उदाहरण हवं तर १९८९चा पाचवा ट्रेकपट घ्या. 'एंटरप्राइझ' जहाजावरचे कर्क, स्पॉक आणि स्कॉटी तिघेही हुद्द्याने कॅप्टन आहेत, पण हुकूम एकट्या कर्कचा चालतो.

आपल्याकडे यात आणखी एक फसगत होते, कारण घरोघरी माहीत असतो तो भूदलातला कॅप्टन. तो नौदलातल्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा. नौदलातला कॅप्टन म्हणजे भूदलातला कर्नल. नव्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'मध्ये (२००३-०९) दोन्ही पद्धतींची खिचडी आहे. तिथे कॅप्टनच्या वर मेजर, मेजरच्या वर कर्नल, त्याच्या वर कमांडर, आणि जहाज असतं कमांडरकडे. 'स्टार वॉर्स'च्या 'द लास्ट जेडाय'मध्ये पो डॅमरनला कमांडरवरून कॅप्टन केलं जातं, ती शिक्षा असते. नौदलाच्या हिशेबाने पाहणाऱ्याला ती बढती वाटते!

खऱ्या अवकाशातही हुद्दा आणि नेमणूक अशाच वेगळ्या चालतात. १९८४मध्ये 'सोयुझ टी-११'वर स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा होते, कमांडर होते युरी मालिशेव. २०२५च्या ॲक्सियम-४ मोहिमेत ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला पायलट होते आणि कमांडर होत्या पेगी व्हिटसन. त्या जैवरसायनशास्त्रज्ञ, लष्करी हुद्दा नाही. यान स्थानकाला जोडलं गेल्यावरही स्थानकाची कमांड तिथल्या कमांडरकडेच राहिली, म्हणजे त्या वेळी जपानच्या ताकुया ओनिशी यांच्याकडे. व्हिटसन आपल्या यानाच्या आणि चमूच्या कमांडर होत्या. दोन कमांडर एका छताखाली, तरी भांडणाला जागा नाही, कारण कोणाचा हुकूम कशावर चालतो ते आधी ठरलेलं होतं.

प्रश्न : 'स्टार ट्रेक : नेक्स्ट जनरेशन'च्या 'चेन ऑफ कमांड' या भागात नवा कॅप्टन जेलिको तीनऐवजी चार पाळ्या लावायला सांगतो आणि फर्स्ट ऑफिसर रायकर एवढा अस्वस्थ होतो. मी चाकणला कारखान्यात पाळ्या लावतो. एका पाळीने एवढं काय बिघडतं?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : तुम्हाला तर हे आम्ही सांगायला नको. चोवीस तास माणूस लागतो अशा ६० जागा जहाजावर आहेत असं धरा. तीन पाळ्यांत प्रत्येकी ८ तास, माणसं लागतात १८०. चार पाळ्यांत ६ तास, माणसं २४०. वरची ६० आणायची कुठून? दिवसपाळीच्या दुरुस्तीवाल्यांतून आणि प्रयोगशाळांतून. शिवाय प्रत्येक गटाची घडी मोडते. कोण कोणाबरोबर काम करतं, कोण कधी झोपतं, कोणाची मुलं कधी शाळेतून येतात, सगळंच. एंटरप्राइझ-डीवर, म्हणजे या जहाजावर, कुटुंबं राहतात, हे विसरू नका. म्हणून विभागप्रमुख कुरकुर करतात.

जेलिकोच्या बाजूनेही बोलायला जागा आहे, आणि आमच्या मते चाहते ती नेहमी नाकारतात. तो सीमेवर शत्रूशी, म्हणजे कार्डेशियनांशी, गाठ पडणार हे धरूनच आला आहे. अशा वेळी आठ तास पडद्याकडे डोळे लावून बसलेला माणूस शेवटच्या दोन तासांत चुका करतो. सहा तासांची पाळी असेल तर धोक्याची घंटा वाजते तेव्हा खुर्चीवरचा माणूस ताजा असतो. त्याचं चुकलं ते एवढंच की माणसं तीच ठेवून घडी एका दिवसात बदलायला निघाला. आणि एक बारीक गोष्ट बघा : तो हे सांगतो तेव्हा ताबा अजून जुन्या कॅप्टनकडे, पिकार्डकडेच आहे. आदेश वाचून दाखवणं, संगणकाकडून कमांड-संकेत वर्ग करून घेणं आणि 'मी आपल्याला मोकळं करतो', 'मी मोकळा झालो' ही दोन वाक्यं हे सगळं नंतर घडतं. काटेकोर बोलायचं तर तोवर ती पाहुण्याची सूचना होती.

पण ताबा बदलल्यावर जेलिको विचारतो, चौथी पाळी लागली का? आणि तिथे रायकर फसतो. त्याने विभागप्रमुखांशी बोलून अडचणी गोळा केलेल्या असतात, हुकूम मात्र अमलात आणलेला नसतो आणि ते आपण होऊन कळवलेलंही नसतं. फर्स्ट ऑफिसरला अडचण सांगायचा पूर्ण हक्क आहे. हुकूम दाबून बसायचा हक्क नाही. पुढे त्याला पदावरून दूर केलं जातं त्याची पहिली ठिणगी ही.

समुद्रावरची पद्धत वेगळी. तिथे परंपरेने वॉच चार तासांचा. दिवसाचे सहाच वॉच केले आणि गट तीन असले, तर रात्री बारा ते चारचा वॉच रोज त्याच गटाच्या नशिबी येतो. म्हणून दुपारी चार ते आठचे दोन तुकडे करतात, चार ते सहा आणि सहा ते आठ. वॉच सात होतात आणि चक्र रोज एका घराने सरकतं. कथेत कोणी महिनोन्‌महिने 'रात्रपाळीवाला' म्हणूनच ओळखला जात असेल, तर लेखकाने हा हिशेब केलेला नाही असं खुशाल समजावं.

प्रश्न : कॅप्टनला डॉक्टर हटवू शकतो, हे खरं का? मग मूळ 'स्टार ट्रेक'मधला डॉक्टर मॅकॉय प्रत्येक भागात कॅप्टन कर्कला का नाही हटवत?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : हटवू शकतो, पण नुसतं तोंडाने म्हणून नाही. याचा सगळ्यांत नेमका धडा 'द डूम्सडे मशीन' या १९६७च्या भागात आहे. तो थोडा थांबून पाहू.

ग्रह गिळणारं एक प्रचंड यंत्र. त्याच्या तडाख्यात 'कॉन्स्टेलेशन' हे जहाज सापडलेलं. तिथला कमोडोर डेकर एकटाच उरला आहे, कारण आपली माणसं वाचावीत म्हणून त्याने त्यांना खालच्या ग्रहावर उतरवलं आणि यंत्राने तोच ग्रह फोडला. डेकरला एंटरप्राइझवर आणतात, कर्क त्या मोडक्या जहाजावर राहतो आणि मधला संपर्क तुटतो. एंटरप्राइझ स्पॉकच्या ताब्यात. डेकर यंत्रावर हल्ला करायला सांगतो, स्पॉक नकार देतो. तेव्हा डेकर नियम १०४चा 'ब' भाग पुढे करून हुद्द्याच्या जोरावर ताबा घेतो. स्पॉक उठून खुर्ची देतो.

मॅकॉय संतापतो. 'क' भागानुसार शरीराने किंवा मनाने असमर्थ अधिकाऱ्याला हटवता येतं आणि ते प्रमाणित करायला मॅकॉय तिथल्या तिथे तयार असतो. स्पॉक त्याला अडवतो : तपासणीची नोंद मागतील, ती आहे का? नाही. वेळच मिळालेला नाही. मग तुझ्या म्हणण्याला किंमत नाही. इथे मॅकॉयचं निदान बरोबर आहे आणि त्याचं पारडं तरीही हलकं आहे, कारण कागद नाही. पाच मिनिटांची तपासणी आधी झाली असती तर पुढचं रामायण टळलं असतं.

पुढे जहाज मार खातं. स्पॉक मग दुसरा मुद्दा काढतो, आणि तो डॉक्टरच्या कागदावर अवलंबून नाही : हा हल्ला म्हणजे आत्महत्या आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न हाच मानसिक असमर्थतेचा पुरावा. डेकर तेवढ्यापुरता माघार घेतो. संपर्क जुळल्यावर कर्क एंटरप्राइझचा कॅप्टन या नात्याने स्वतःच्या जबाबदारीवर स्पॉकला सांगतो, ताबा घे. डेकर तो अधिकार मानत नाही. स्पॉक त्याला सांगतो की रीतसर तक्रार करा, आपण स्टारबेसपर्यंत जिवंत पोहोचलो तर. आणि त्याला पहारा देऊन तपासणीसाठी दवाखान्याकडे पाठवतो. जी तपासणी सुरुवातीला व्हायला हवी होती तीच! ती होतच नाही. डेकर वाटेत पहारेकऱ्याला लोळवतो आणि छोटं यान घेऊन पळतो.

यातून काढायची पद्धत अशी. आधी तपासणी, वेळ आणि निष्कर्षासकट नोंद. मग साखळीत पुढे कोण आहे त्याची संमती, कारण डॉक्टर हटवतो पण बसत नाही. साक्षीला आणखी एक अधिकारी. मग स्पष्ट शब्दांत सांगणं, लॉगमध्ये वेळ घालणं आणि संपर्क मिळताच वर कळवणं. अमेरिकी नौदलाच्या नियमांतही हाताखालच्याने कप्तानाला दूर करणं फारच असाधारण परिस्थितीत मान्य आहे. कारण कोणालाही पटेल इतकं उघड असलं पाहिजे आणि वरिष्ठांना विचारायला वाव नसला पाहिजे. कर्क नुसता तापट आहे म्हणून मॅकॉय काही करू शकत नाही ते यामुळे.

२००९च्या ट्रेकपटात नियम ६१९ येतो : भावनेच्या भरात निर्णय घेतले जात असतील तर कप्तानाने स्वतःच ताबा सोडायचा. तरुण कर्क स्पॉकला आईच्या मृत्यूवरून डिवचतो, स्पॉकचा तोल जातो, आणि शुद्धीवर आल्यावर तो स्वतःच ब्रिज (जहाज चालवायचा कक्ष) सोडतो. प्रसंग जोरदार आहे. नियम म्हणून मात्र तकलादू, कारण ज्याचा तोल गेला आहे त्यालाच आपला तोल गेल्याचा निवाडा करायला सांगतो.

प्रश्न : वरच्या हुद्द्याचा अधिकारी जहाजावर आला की जहाज आपोआप त्याचं होतं का? 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'मध्ये ॲडमिरल केन 'पेगॅसस' जहाज घेऊन येते तेव्हा ॲडामा निमूट का ऐकतो?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : समुद्रावर तसं होत नाही. ॲडमिरल एखाद्या जहाजावरून ताफा चालवत असला, तरी ते जहाज त्या जहाजाच्या कॅप्टनच्याच ताब्यात असतं. ॲडमिरल सांगणार, ताफ्याने उत्तरेला वळायचं. सुकाणू किती अंश फिरवायचं ते कॅप्टन बघणार. वरच्या उत्तरातला डेकर खऱ्या नौदलात पाहुण्यांच्या केबिनमध्ये बसला असता. तो नियम कथेच्या सोयीसाठी जन्माला आला आहे, असं आम्हाला वाटतं.

केनची गोष्ट निराळी. ती ॲडामाचं जहाज घेत नाही, ताफा घेते, आणि हुद्द्याने तो तिचाच आहे. कारभारात लुडबुड करणार नाही असा शब्द देते आणि मग त्याचेच वैमानिक आपल्या जहाजावर हलवते. ठिणगी पडते ती तिथे. केनच्या मृत्यूनंतर अध्यक्ष रोझलिन ॲडामाला ॲडमिरल करते. पुन्हा कोणी वरचा हुद्दा दाखवून ताफा घेऊ नये याची ती तजवीज, आणि ती लष्कराने नाही तर नागरी सत्तेने केली.

प्रश्न : 'नेक्स्ट जनरेशन'च्या 'डिझास्टर' भागात समुपदेशक ट्रॉयला ब्रिज चालवावा लागतो. शेजारी रो लारेन आणि ओब्रायनसारखी अनुभवी माणसं असताना?
— एक वाचिका, बडोदा

उत्तर : कारण ट्रॉय लेफ्टनंट कमांडर आहे. रो एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांतला सर्वांत खालचा हुद्दा, आणि ओब्रायन तर अधिकारीवर्गातच नाही. ब्रिजवरचा लेफ्टनंट अपघातात जातो आणि उरलेल्यांत तीच ज्येष्ठ ठरते. खऱ्या नौदलांत एवढ्याने भागत नाही. अमेरिकी नौदलात डॉक्टर, भांडारवाले, धर्मगुरू हे वेगळ्या शाखेत येतात आणि हुद्दा कितीही मोठा असला तरी जहाजाचा ताबा त्यांच्याकडे जात नाही. भारतीय नौदलातही जहाजाची कमांड एक्झिक्युटिव्ह शाखेकडे असते. मूळ ट्रेकमध्ये हा भेद सांभाळलेला दिसतो. मॅकॉय आणि स्कॉटी दोघेही लेफ्टनंट कमांडर, पण कर्क आणि स्पॉक खाली उतरले की खुर्ची स्कॉटीकडे जाते, मॅकॉयकडे कधी नाही.

'नेक्स्ट जनरेशन'ने यातून वाट काढली ती ब्रिज अधिकाऱ्याच्या परीक्षेची. डॉ. क्रशरने ती आधीच दिलेली आहे, म्हणून १९९३च्या 'डिसेंट'मध्ये पिकार्ड जहाज तिच्यावर सोपवून जाऊ शकतो. ट्रॉय १९९४च्या 'दाइन ओन सेल्फ'मध्ये परीक्षेला बसते आणि इंजिनिअरिंगच्या सरावात पुन्हा पुन्हा नापास होते. तांत्रिक उत्तरं ती घोकून येते. पण तिथे तांत्रिक उत्तरच नसतं. मुख्य इंजिनिअर जॉर्डीला दुरुस्तीसाठी अशा जागी पाठवायचं असतं जिथून तो परत येणार नाही, आणि तो हुकूम तिच्या तोंडून यायला हवा असतो. सरावातला जॉर्डी खोटा आहे हे माहीत असूनही ती अडखळते. त्या परीक्षेत खरं तेवढंच तपासलं जातं.

प्रश्न : फर्स्ट ऑफिसरने कॅप्टनशी असहमती दाखवायची ती कशी? माझ्या मुलाचं म्हणणं, 'यस सर' म्हणायचं आणि गप्प बसायचं.
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : मुलाला 'नेक्स्ट जनरेशन'मधल्या 'गॅम्बिट'चा दुसरा भाग (१९९३) दाखवा. पिकार्ड आणि रायकर दोघेही जहाजावर नाहीत, डेटा कॅप्टनच्या खुर्चीत, वॉर्फ त्याचा दुय्यम. वॉर्फ ब्रिजवर सगळ्यांसमोर डेटाच्या निर्णयांवर नाराजी दाखवत राहतो. डेटा त्याला बाजूच्या खोलीत बोलावतो आणि शांतपणे समजावतो. पर्याय मांडणं हे दुय्यमाचं कामच आहे. पण कॅप्टनचा निर्णय झाला की तो अमलात आणायचा, आणि चरफड माणसांपुढे दाखवायची नाही. जमत नसेल तर तुला पूर्वीच्या जागी पाठवतो, त्याचा तुझ्या नोंदीवर डाग लागणार नाही. वॉर्फ चूक मान्य करतो. मग डेटा मैत्रीत अंतर पडलं का असं विचारतो, त्यावर वॉर्फ म्हणतो की ते माझ्यामुळे. दार बंद करून दोन मिनिटांचं बोलणं, हुद्द्याचा धाक नाही, आवाज नाही. या विषयावर पडद्यावर याहून चांगला प्रसंग आम्हाला आठवत नाही.

प्रश्न : 'एलियन'मध्ये रिप्ली दार उघडायला नकार देते. कॅप्टन डॅलस बाहेरून हुकूम देत असताना ती बंडखोर नाही का ठरत?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही, त्या घटकेला ती साखळीच्या टोकावरच उभी आहे. 'नोस्ट्रोमो' हे सात माणसांचं मालवाहू जहाज. डॅलस कॅप्टन, केन त्याच्या खालचा, रिप्ली तिसरी. पहिले दोघे जहाजाबाहेर पडले की आत ज्येष्ठ तीच, आणि हे ती पुढे ॲशला स्पष्ट सुनावते. केनच्या तोंडाला चिकटलेला जीव आत घ्यायचा तर २४ तास विलगीकरण हा नियम. डॅलस माणसासाठी नियम मोडायला सांगतो, रिप्ली जहाजासाठी मोडत नाही. दार उघडतो तो विज्ञान अधिकारी ॲश, ज्याला हुकुमाच्या साखळीत त्या दाराशी काही घेणंदेणं नाही.

नंतरचा खुलासा जास्त गंभीर आहे. डॅलस रिप्लीला सांगतो की विज्ञानाच्या बाबतीत शेवटचा शब्द ॲशचा, कंपनीची तशी पद्धतच आहे. म्हणजे मालकाने कप्तानाच्या डोक्यावरून दुसरी साखळी टाकून ठेवली होती. समुद्रावर नेमकं हेच चालत नाही. व्यापारी जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की सुरक्षेच्या निर्णयात मास्टरचा, म्हणजे कप्तानाचा, अधिकार सर्वांच्या वर, आणि मालकाने त्याला अडवायचं नाही. कोकणात हे नियमाशिवायही कळतं. होडी नाखवाची असेल, पण दर्यात जाळं कुठे टाकायचं आणि कधी माघारी वळायचं ते तांडेल ठरवतो.

दुसऱ्या भागात (१९८६) मात्र साखळी नीट चालते. लेफ्टनंट गोरमन बेशुद्ध, सार्जंट गेलेला, तेव्हा कॉर्पोरल हिक्सकडे ताबा येतो. कंपनीचा बर्क तो नुसता कॉर्पोरल आहे म्हणून नाक मुरडतो. पण ती लष्करी मोहीम आहे आणि बर्कचा पगार कितीही असला तरी त्या यादीत त्याचं नावच नाही.

प्रश्न : जहाज स्वतःहून उडवायला तीन जणांचे संकेत कशाला? घाईच्या वेळी तिसरा सापडला नाही तर?
— एक वाचक, पणजी

उत्तर : एकट्याच्या डोक्यात सणक आली म्हणून शेकडो माणसं मरू नयेत, यासाठी. मूळ ट्रेकमधल्या १९६९च्या 'लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड'मध्ये कर्क, स्पॉक आणि स्कॉटी क्रमाने आपापला संकेत बोलतात. दुसऱ्याचा संकेत पहिल्याहून लांब. मग कर्कचा शेवटचा संकेत आणि ३० सेकंदांची उलटी मोजणी. पाचवर आली की रद्द करता येत नाही. १९८४च्या तिसऱ्या ट्रेकपटात स्पॉक नाही, तर कर्क, स्कॉटी आणि चेकॉव्ह हेच काम करतात. तुमच्या शंकेचं उत्तर त्यात आहे : संकेत जागेचा असतो, माणसाचा नव्हे. साखळीत जो पुढे आहे तो ती जागा भरतो. 'नेक्स्ट जनरेशन'मध्ये दोघांवर भागवलं आहे, पिकार्ड आणि रायकर. रद्द करायलाही दोघंच लागतात, हे लेखक मंडळी विसरत नाहीत ते बरं.

याच्या जोडीला १९८२च्या दुसऱ्या ट्रेकपटातला पूर्वसंकेत आठवा. खलनायक खानने 'रिलायंट' हे जहाज पळवलं आहे. स्पॉक त्या जहाजाचा पाच आकडी संकेत, १६३०९, काढून लांबूनच त्याची कवचं खाली पाडतो. युक्ती चालते ती खानने आकडा बदलला नाही म्हणून. जहाज हाती आलं, पण आकडा तसाच राहिला. भाड्याचं घर घेतल्यावर कुलूप न बदलण्यासारखंच हे!

प्रश्न : 'स्टार वॉर्स'मधल्या डेथ स्टारवर व्हेडर कोणत्या हुद्द्यावर आहे?
— एक वाचक, वय १३, नाशिक

उत्तर : कोणत्याच नाही, आणि म्हणून सगळे त्याला घाबरतात. तो सम्राटाचा माणूस, नेहमीच्या साखळीबाहेरचा. पण पहिल्या चित्रपटात (१९७७) बैठकीत तो एका अधिकाऱ्याचा गळा लांबूनच आवळतो, तेव्हा टार्किन त्याला सोडायला सांगतो आणि तो सोडतो. डेथ स्टारवर हुकूम टार्किनचा, हे तेवढ्या एका प्रसंगात कळतं.

प्रश्न : दिवाळी अंकासाठी कथा लिहिते आहे. मंगळाकडे निघालेलं ४० माणसांचं जहाज आहे. अधिकाराची मांडणी कशी करू म्हणजे जाणकार हसणार नाहीत?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : आधी माणसं वाटा. कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर वॉचच्या बाहेर ठेवा, म्हणजे ते केव्हाही उठू शकतील. उरले ३८. आठ-आठ जणांचे तीन वॉच केले की २४ गेले. बाकीचे १४ दिवसपाळीचे : डॉक्टर, स्वयंपाकी, भांडार, दुरुस्ती. प्रत्येक वॉचला एक वॉच अधिकारी. कॅप्टन झोपलेला असताना जहाज त्याच्या हातात आहे, पण कमांड त्याच्याकडे नाही. तो मार्ग थोडा वळवू शकतो, मोहीम बदलू शकत नाही. नवखे लेखक इथेच घसरतात. ब्रिजवर बसलेला आणि जहाजाचा धनी यांच्यातला फरक त्यांच्या कथेत दिसत नाही.

मग वारसांची यादी. निदान चार नावं, निघण्याआधीच लिहिलेली, आणि त्यात डॉक्टर आहे की नाही ते एकदाच ठरवून टाका. पहिली दोन नावं एकाच वेळी जहाज सोडणार नाहीत असा नियम घाला. ट्रेक हा नियम जवळजवळ दर आठवड्याला मोडतो, कारण नायक जहाजावर बसून राहिला तर भाग होत नाही. तुम्हालाही मोडावासा वाटेल, पण मोडलात तर कोणीतरी त्याबद्दल बोलेल असं बघा.

वॉच बदलायचा प्रसंग एकदा तरी सविस्तर लिहा. पुढचा अधिकारी दहा-पंधरा मिनिटं आधी येतो. मार्ग, वेग, इंजिनाची अवस्था, बंद पडलेली यंत्रं, अर्धवट राहिलेले हुकूम, कॅप्टनने रात्रीसाठी लिहून ठेवलेल्या सूचना, एवढं वाचतो. पटलं नाही तर ताबा घ्यायला नकार देऊ शकतो. पटलं तर मोठ्याने सांगतो की ताबा मी घेतला, जुना म्हणतो दिला, सुकाणूवरचा माणूस ते ऐकतो आणि लॉगमध्ये वेळ पडते. यातलं एखादं पाऊल चुकवा आणि तुमच्या कथेला अपघात मिळतो. दोघांनाही वाटतं की ताबा दुसऱ्याकडे आहे, आणि चार मिनिटं जहाज कोणाचंच नसतं.

पृथ्वीवरच्या नियंत्रणकक्षाचं काय, हेही ठरवा. आजच्या स्थानकावर ह्यूस्टनचा फ्लाइट डायरेक्टर क्षणाक्षणाला बोलू शकतो, म्हणून बरेचसे निर्णय जमिनीवरच होतात. मंगळाच्या वाटेवर ते जमणार नाही. मंगळाशी संदेश एका बाजूने जायला ग्रहांच्या जागेनुसार ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर यायला ६ ते ४४. आग तेवढी थांबत नाही. तुमचं जहाज जसजसं लांब जाईल, तसतसं पृथ्वीवरून येणाऱ्या हुकुमांचं रूप बदलू द्या. पहिल्या आठवड्यात 'झडप क्रमांक चार बंद करा', सहाव्या महिन्यात 'पाणी वाचवा, कसं ते तुम्ही बघा'. १९६६च्या 'बॅलन्स ऑफ टेरर'मध्ये कर्क लढाईचा निर्णय घेऊन टाकतो आणि वरिष्ठांचा होकार लढाई संपल्यावर येतो. तुमच्या कथेत नकार आला तर काय, ते आम्हाला वाचायला आवडेल.

आणि कॅप्टनची रात्रीची वही विसरू नका. कशासाठी उठवायचं ते त्यात आकड्यांत असतं : दाब इतका उतरला, वेगात इतका फरक पडला, अनोळखी वस्तू इतक्या किलोमीटरच्या आत आली. शेवटची ओळ बहुतेक कप्तान एकच लिहितात, 'शंका आली तर मला उठवा'. तिच्याखाली तिन्ही वॉच अधिकाऱ्यांच्या सह्या घ्या. आणि कथेच्या मध्यावर, पहाटे साडेतीनला, त्यातल्या एकाला आपली सही आठवू द्या.